चेहऱ्याची लाली : रोझेशियाची कारणे, रूपे आणि आपले गैरसमज

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने त्वचेच्या एका विकारावर अभ्यासलेख लिहावा, याचे वाचकांस नवल वाटेल. संपादक मंडळाने आम्हांस खरे तर विद्यालयाच्या वाटचालीवर लिहिण्यास सुचविले होते. त्या विषयावर लिहिणारे अधिकारी लेखक या अंकात आहेत. आम्ही निवडलेला विषय मात्र गेली काही वर्षे आमच्या नाकावरच बसलेला आहे, आणि त्याने आम्हांस जे शिकविले ते आमच्या एम. ए. च्या अभ्यासक्रमात नव्हते.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आमचे गाल व नाक तापू लागले. प्रथम वाटले, उन्हाचा परिणाम असावा. कल्याणहून सकाळची लोकल, गर्दीत घुसमटणे, स्थानकाबाहेर रिक्षाची रांग, आणि त्यानंतर पत्र्याच्या छपराखालचा वर्ग. तिसऱ्या तासाला शिकविता शिकविता कानशिले गरम होत, कातडी चुरचुरे. आमचा वर्ण सावळा असल्याने लाली अशी दिसत नसे. नाकाचा शेंडा मात्र तांबूस-जांभळा दिसू लागला व त्यावर पुटकुळ्या उठल्या. त्या वर्षी वर्षावासात आम्ही एका विहारात ग्रंथवाचनास बसत असू. एके सायंकाळी बाहेर चपला घालताना मागे दोघांचे बोलणे कानी आले. "सर पाचवे शील समजावून सांगतात, आणि नाक काय सांगते ते बघा."

आम्ही दारूच्या थेंबास कधी शिवलेलो नाही. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षेनंतर दारू सोडली ती कायमची, आणि घराण्यात ती गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते. तिसऱ्या पिढीत आमच्या नाकाने त्यांच्या नावास बट्टा लावला, असे त्या रात्री मनात येऊन झोप लागली नाही. त्या दोघांवर आमचा राग नाही. लाल नाक म्हणजे पिणारा माणूस, ही समजूत त्यांनी निर्माण केलेली नव्हती. ती फार जुनी आहे.

या विकारास मराठीत स्वतंत्र नाव नाही. मुरुम, तारुण्यपीटिका, वांग, गांधी, नायटा असे शब्द आपल्या बोलीत आहेत, पण यासाठी डॉक्टर 'रोझेशिया' हाच शब्द वापरतात. नाव नसले की रोगही नाही असे लोक मानतात आणि मग त्याचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावतात. युरोपात या चेहऱ्याची ओळख पुरातन आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने आपल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये चर्चच्या न्यायालयाचा एक शिपाई रंगविला आहे. त्याचा चेहरा विस्तवासारखा लाल, पुटकुळ्यांनी भरलेला. मुले त्यास भितात, आणि तो लाल मद्याचा शौकीन. शेक्सपियरच्या नाटकांतील बार्डाॅल्फ हा असाच लाल नाकाचा, आणि त्याच्या नाकावर सगळे विनोद दारूचे. म्हणजे दोनशे वर्षांच्या अंतराने दोन थोर लेखक एकाच निष्कर्षास आले, आणि तो चुकीचा होता. याउलट इटलीतील चित्रकार गिर्लांदाइओ याचे सुमारे १४९० सालचे एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात एका वृद्धाचे नाक फुगून गाठाळलेले आहे आणि त्याच्या मांडीशी उभा असलेला नातू त्या नाकाकडे मुळीच न बिचकता, केवळ मायेने पाहत आहे. चित्रकाराने नाक झाकलेले नाही आणि त्याची थट्टाही केलेली नाही. इतिहास शिकविताना ते चित्र आम्ही अनेकदा वर्गात दाखविले होते. ते आपल्याच विकाराचे चित्र आहे हे फार उशिरा कळले.

विकाराची रूपे

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मध्यभागाचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. गाल, नाक, हनुवटी व कपाळाचा मध्य ही त्याची जागा. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो, कधी कमी होतो, कधी उसळतो, पण सहसा पूर्णपणे निघून जात नाही. तो संसर्गजन्य नाही. एकाच टॉवेलाने, एकाच ताटाने किंवा शेजारी बसण्याने तो कोणास होत नाही. जगभरातील अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा की सुमारे साडेपाच टक्के प्रौढ व्यक्तींस तो असतो. म्हणजे आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शंभर माणसे जमली तर त्यांत चार-पाच जण तरी असू शकतात, आणि त्यांतील बहुतेकांस ते ठाऊक नसते.

२००२ साली अमेरिकेतील नॅशनल रोझेशिया सोसायटीच्या तज्ज्ञ समितीने या विकाराचे चार प्रकार पाडले. पहिल्यात चेहरा वारंवार तापतो, लाली हळूहळू कायमची राहते आणि गालांवर, नाकपुड्यांच्या कडेला कोळ्याच्या धाग्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. दुसऱ्यात त्या लालीवर लहान गाठी व पू धरलेल्या पुटकुळ्या येतात. तारुण्यपीटिकेशी याचीच सर्वाधिक गफलत होते. तिसऱ्यात कातडी जाड होते, छिद्रे मोठी दिसतात, नाक संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत होऊन फुगते. हे पुरुषांत अधिक आढळते. गिर्लांदाइओचा वृद्ध या प्रकारातला. चौथा प्रकार डोळ्यांचा.

या चौथ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो सर्वांत दुर्लक्षित आहे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पापण्यांच्या कडा लाल व खपलीदार होतात, वरचेवर रांजणवाडी येते, उजेड सहन होत नाही, डोळे कोरडे असूनही पाणी येते. काही जणांत चेहऱ्यावर काहीच नसताना डोळ्यांची लक्षणे आधी येतात. बहुतेक जण चष्म्याचा नंबर वाढला असे समजून चष्मेवाल्याकडे जातात. आम्हीही गेलो व नवा चष्मा करून आलो. उपचारावाचून राहिल्यास बुबुळास जखम होऊन दृष्टीस धोका पोहोचू शकतो. म्हणून चेहरा लाल असणाऱ्या व्यक्तीचे डोळे वारंवार चुरचुरत असतील तर नेत्रतज्ज्ञांस दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

या चार कप्प्यांत रुग्ण नीट बसत नाहीत, हे पुढे डॉक्टरांच्याच लक्षात आले. एकाच माणसास आज पुटकुळ्या, उद्या डोळे, काही वर्षांनी नाकाची जाडी. इतिहासात आपण प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे कालखंड पाडतो आणि प्रत्यक्षात कोणतेही गाव एका सकाळी उठून आधुनिक होत नाही, तसाच हा प्रकार. २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने प्रकार बाजूस ठेवून लक्षणांवर भर दिला. चेहऱ्याच्या मध्यभागी कायम राहणारी व मधूनमधून वाढणारी लाली, किंवा त्वचा जाड होऊन तिचा आकार बदलणे, यांपैकी एक असले तरी निदान होते. या दोन्ही नसल्यास पुटकुळ्या, तापून लाल होणे, दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, डोळ्यांची विशिष्ट लक्षणे यांतील किमान दोन हवीत.

येथे आपल्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येतो. वर 'लाली' हा शब्द आम्ही किती वेळा वापरला! ही सर्व वर्णने गोऱ्या कातडीवर तयार झाली. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली लालसर दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट, करपल्यासारखी दिसते, कित्येकदा दिसतच नाही. त्यामुळे हा गोऱ्या लोकांचा आजार अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती आणि आपल्यासारख्यांत त्याचे निदान उशिरा होते. डोळ्यांस दिसत नसेल तर हातास विचारावे: गाल वारंवार गरम लागतात काय, साबण किंवा साधी क्रीम लावताच आग होते काय, घामाने चेहरा चुरचुरतो काय. काळजीपूर्वक पाहणारा डॉक्टर चांगल्या उजेडात काचेची पट्टी कातडीवर दाबतो. दाबाने रंग फिका पडून पुन्हा भरला तर तो रक्तवाहिन्यांचा रंग असतो, वांगाचा नव्हे.

दुसऱ्या आजारांशी होणारी गफलतही ध्यानात घ्यावी. तारुण्यपीटिकेत काळ्या टोकाचे मुरुम असतात, रोझेशियात ते नसतात. ल्युपस या आजारात गालांवर फुलपाखरासारखी लाली येते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा सुटते, आणि बरोबर सांधेदुखी, ताप, तोंडात फोड अशी लक्षणे असू शकतात. ही तपासणी टाळू नये, कारण ल्युपस मूत्रपिंडापर्यंत जातो.

आणि कुष्ठरोग. चेहऱ्यावर गाठी व तांबूसपणा दिसला की आपल्या भागात आजही हा शब्द कुजबुजला जातो. कुष्ठरोगात चट्ट्यावरील संवेदना कमी होते, कानाच्या पाळ्या जाड होऊ शकतात, भुवया विरळ होऊ शकतात. रोझेशियात संवेदना जात नाही, उलट ती जास्तच होते. पण समजा तो कुष्ठरोगच निघाला, तरी तो बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. कल्याणला पत्री पुलाजवळ कचोरे येथे हनुमान नगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तेथे दीर्घकाळ काम केलेले नौदलातील निवृत्त कर्मचारी गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तो सन्मान वर्तमानपत्रांत वाचून आनंद मानणारी माणसे शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर गाठ दिसताच त्याच्या हातचे पाणी टाळतात, हे आम्ही पाहिलेले आहे. ज्या समाजाने पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या समाजातही पाहिलेले आहे.

कारणे

रोझेशियाचे एकच एक कारण सापडलेले नाही. अनेक धागे एकत्र गुंतलेले आहेत एवढे निश्चित.

पहिला धागा शरीराच्या जन्मजात प्रतिकारयंत्रणेचा. आपली त्वचा जंतूंशी लढण्यासाठी कॅथेलिसिडिन नावाचे प्रथिन तयार करते. २००७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले की रोझेशियाच्या रुग्णांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर असते आणि ते कापणारे विकरही जास्त असते; त्यातून जे तुकडे पडतात ते दाह वाढवितात व नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास चालना देतात. पहारेकरी घरच्यांवरच लाठी चालवू लागावा, असे काहीसे. दुसरा धागा मज्जातंतू व रक्तवाहिन्यांचा: उष्णता, तिखट, भावनांचा क्षोभ यांना प्रतिसाद देणारी त्वचेतील यंत्रणा अशा व्यक्तींत फार हळवी असते. तिसरा धागा डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याचा. मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढा हा जीव बहुतेक सर्व प्रौढांच्या चेहऱ्यावरील केसांच्या मुळांशी राहतो व काही त्रास देत नाही. रोझेशियात त्याची संख्या पुष्कळ वाढलेली आढळते. ती वाढ हे कारण की परिणाम, यावर वाद आहे. तो अस्वच्छतेमुळे होत नाही हे मात्र येथे ठामपणे सांगतो, कारण 'किडा' हा शब्द ऐकताच लोक खसाखसा तोंड घासू लागतात आणि कातडीची उरलीसुरली ढालही घालवतात. अनुवंशाचा वाटाही आहे; जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून तो जवळपास निम्मा असावा असे अनुमान निघाले आहे.

विकाराचे मूळ कारण वेगळे आणि तो चाळविणाऱ्या गोष्टी वेगळ्या. ऊन हे सर्वांत मोठे निमित्त. त्याखेरीज उकाडा, चुलीची किंवा गॅसची धग, तिखट जेवण, धावपळ, संताप, लाज. ठाणे-कल्याणच्या दमट हवेत एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर हे महिने आम्हांस सर्वांत जड जातात. खानावळीत किंवा पोळी-भाजी केंद्रात दिवसभर तव्यासमोर उभ्या राहणाऱ्या आपल्या भगिनींस हा त्रास असेल तर कोणी तो विकार म्हणून ओळखतही नाही. 'वय झाले, पाळी जाण्याचे दिवस' म्हणून विषय संपतो. पाळी जाताना चेहरा तापतो हे खरे, पण तो अंगभर घामासह येतो आणि ओसरतो. पुटकुळ्या व डोळ्यांची चुरचुर मागे ठेवीत नाही.

चहाचे काय, असे प्रत्येक जण विचारतो. १९८१ साली जोनाथन विल्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णांना गरम कॉफी, थंड कॉफी, निव्वळ कॅफिन आणि नुसते गरम पाणी देऊन पाहिले. चेहरा लाल झाला तो गरम कॉफीने आणि गरम पाण्याने. थंड कॉफीने किंवा कॅफिनने नाही. दोष चहाचा नसून चटक्याचा आहे. आम्ही शिक्षकांच्या खोलीत कप समोर ठेवून तो निवेपर्यंत वह्या तपासतो. सहकारी हसतात, हसोत.

आता दारू. मद्याने रक्तवाहिन्या फुलतात व ज्यांना रोझेशिया आहे त्यांपैकी अनेकांचा चेहरा त्याने अधिक लाल होतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात मद्यपान करणाऱ्या स्त्रियांत हा विकार काहीसा अधिक आढळला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु आयुष्यात कधीही मद्य न घेतलेल्या असंख्य माणसांना रोझेशिया होतो, आणि नाक फुगण्याचा दारूशी जोडलेला संबंध तर शास्त्रात टिकलेला नाही. नाक पाहून माणसाचे शील सांगता येत नाही. नाकावरून माणसाची प्रत ठरविण्याचा उद्योग आपल्या देशात आधीही झाला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावू पाहिली. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापाचीच आकडेवारी पुढे ठेवून ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत असे दाखविले. विहाराच्या पायरीवर आम्हांस ते प्रकरण आठवले, आणि थोडे हसूही आले.

मलमाची नळी

आतापर्यंत सांगितले ते निसर्गाने येणाऱ्या रोझेशियाविषयी. आपल्या भागात मात्र आणखी एक रोझेशिया आहे, आणि तो दुकानातून येतो.

विहारातील त्या प्रसंगानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. लाज वाटली. घराजवळच्या मेडिकलवाल्यास नाक दाखविले. त्याने एक नळी दिली. तीन दिवसांत नाक स्वच्छ झाले! पुढील दोन वर्षे आम्ही ती लावीत राहिलो. आरंभी आठवड्यातून दोनदा पुरे, नंतर रोज, नंतर दिवसातून दोनदा. एक दिवस न लावल्यास चेहरा भाजल्यासारखा होई. गालांची कातडी कागदासारखी पातळ झाली, रक्तवाहिन्या दिसू लागल्या, तोंडाभोवती पुरळ उठले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी नळी उलटून बारीक अक्षरे वाचून दाखविली. ते बीटामेथासोन नावाचे तीव्र स्टिरॉइड होते.

स्टिरॉइड मलम हे वाईट औषध नाही. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेवर प्रथम यशस्वीपणे वापरले गेले तेव्हा त्वचारोगचिकित्सेत क्रांती झाली. इसबासारख्या आजारांत ते आजही आवश्यक आहे. पण ते रक्तवाहिन्या आवळते, म्हणून लाली लगेच जाते व रुग्ण फसतो. काही आठवड्यांनी कातडी झिजते, थांबविताच रक्तवाहिन्या दुप्पट जोराने फुलतात, आणि ती आग शमविण्यास पुन्हा तेच मलम लागते. व्यसनाची रचना नेमकी अशीच असते. आम्ही दारू न पिता व्यसनी झालो होतो, हे डॉक्टरांच्या खोलीत उमगले. रोझेशियावर तीव्र स्टिरॉइड लावल्याने तो बिघडतो, हे स्नेडन या इंग्रज डॉक्टरांनी १९६९ सालीच लिहून ठेवले होते. १९७४ साली अमेरिकेत लेडन, थ्यू व क्लिगमन यांनी त्यास 'स्टिरॉइड रोझेशिया' असे नाव दिले.

यातील अल्बर्ट क्लिगमन यांच्याविषयी इतिहासाच्या शिक्षकास दोन वाक्ये अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांवर, त्यांतही बहुतांश कृष्णवर्णीयांवर, औषधे व रसायनांचे प्रयोग झाले, त्यांचे हे सूत्रधार. त्याबद्दल त्या शहराने २०२२ साली जाहीर माफी मागितली. स्टिरॉइडमुळे चेहरा कसा बिघडतो हे लिहिल्यानंतर एका वर्षाने, १९७५ साली, याच क्लिगमन यांनी विलिस यांच्यासह कातडी फिकी करण्याचे तीन औषधांचे मिश्रण प्रसिद्ध केले: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. वांगावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरावयाचे हे मिश्रण, किंचित फेरफारांसह, आपल्या देशात गोरेपणाची क्रीम म्हणून घरोघरी पोचले. योगायोग असा की 'फेअर अँड लव्हली' हे मलमही भारतीय बाजारात १९७५ सालीच आले. त्यात स्टिरॉइड नव्हते. पण गोरेपणा नळीतून मिळतो ही कल्पना त्याने रुजविली, आणि २०२० साली नावातला 'फेअर' शब्द गाळला तरी कल्पना गेली नाही.

परिणाम किती खोल आहे ते २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. देशातील १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची चौकशी झाली. त्यांतील ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावीत होते, आणि २५७ जणांस ते सुचविणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. ४३३ पैकी ३९२ जणांच्या चेहऱ्यावर दुष्परिणाम दिसत होते. सर्वांत तीव्र मलमे ग्रामीण व उपनगरी भागांत अधिक वापरली जात होती. उपनगर म्हणजे आपणच. कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी व डॉ. अरिजित कुंडू यांनी या अवस्थेस 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले. रोझेशियाच्या इतिहासात भारताची भर ती हीच, हे लिहिताना अभिमान वाटावा की खेद, कळत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध कृतिगट नेमला, पाठपुरावा केला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची मलमे 'शेड्यूल एच' खाली आणून चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. कायदा झाला. स्थानकाबाहेरच्या दुकानात चिठ्ठी कोण मागतो, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

आमच्या वसतिगृहातील एक नववीची विद्यार्थिनी स्नेहसंमेलनाच्या आधी दोन आठवडे कोणाशी बोलेनाशी झाली. चेहरा लालबुंद, सोललेला, गालांवर बारीक लव वाढलेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत तशीच नळी निघाली. आईने दिली होती, आणि आईस शेजारणीने. थोरल्या बहिणीस पाहावयास आलेल्या मंडळींनी 'मुलगी काळी' म्हणून नकार दिला होता, तेव्हा धाकटीसाठी आतापासून तयारी! स्थळ आपल्याच समाजाचे होते. रंगाची उतरंड आपण जातीच्या उतरंडीबरोबर टाकून दिली, असे आम्ही व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहोत. त्या आईस मात्र आम्ही काही बोललो नाही. आमच्याही कपाटात दोन वर्षे तीच नळी होती.

उपचार डॉक्टरांनीच ठरवावयाचा, तेव्हा येथे फक्त दिशा सांगतो. स्टिरॉइड एकाएकी स्वतःच्या मनाने बंद करू नये. उसळी फार तीव्र असते, ती डॉक्टरांच्या साहाय्याने उतरवावी लागते. त्यास काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. मूळच्या रोझेशियावर मेट्रोनिडॅझोल, ॲझेलेइक ॲसिड, आयव्हरमेक्टिन यांची मलमे आहेत, पोटातून डॉक्सिसायक्लिन आहे. यांतील शेवटचे गरोदर स्त्रियांस देत नाहीत. फुटलेल्या रक्तवाहिन्यांवर लेझर व जाड झालेल्या नाकावर शस्त्रक्रिया होते. यांहून स्वस्त उपाय म्हणजे सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन आणि छत्री. पुरुषाने उन्हात छत्री धरली तर लोक पाहतात. आमच्याकडे लोक आधीपासून पाहतच आहेत, त्यामुळे आम्हांस ते अवघड गेले नाही. खाजगी डॉक्टरांची फी परवडत नसल्यास कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, किंवा मध्य रेल्वेने पुढे सायन व केईएम येथे त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना चेहऱ्यावर लावलेली प्रत्येक नळी, रिकामी असली तरी, खोक्यासह न्यावी. नावावरून नव्हे, घटकांच्या बारीक अक्षरांवरून डॉक्टरांस उलगडा होतो. 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' अशा अखेरीचा शब्द दिसल्यास, जसे मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, घरीच सावध व्हावे.

त्या विद्यार्थिनीस बरे होण्यास सात महिने लागले. मधल्या काळात ती प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या रांगेत, खांबाआड बसे. आम्हीही काही दिवस तेथेच बसलो. यंदाच्या जूनपासून वसतिगृहात प्रवेशाच्या दिवशी पेटीतील कपडे व पुस्तकांबरोबर चेहऱ्यास लावावयाच्या सर्व क्रीमही मेजावर ठेवण्यास सांगितले जाईल. त्या जप्त होणार नाहीत. अधीक्षिका घटकांची नावे वहीत उतरवून घेतील, आणि वर दिलेल्या अखेरीचा शब्द आढळल्यास पालकांशी एकांतात बोलतील. पालकांनी नळ्या खोक्यासह आणाव्यात, ही विनंती.